किती लांब, किती तास? दूरच्या विमानप्रवासाचा हिशेब कागदावर कसा मांडावा

नोकरीची सगळी वर्षं मी विमानाच्या तिकिटांच्या टेबलामागे काढली. समोर येणारा माणूस कुणीही असो, खुर्ची ओढता ओढता एकच विचारायचा, "किती तास लागतात हो?" त्याला एक आकडा हवा असायचा. मी कागद घेऊन तीन ओळी लिहायचे. विमान हवेत किती वेळ असेल, तिकिटावर किती वेळ छापलेला असेल, आणि घराचा दरवाजा लावल्यापासून मुक्कामाच्या खोलीचा दरवाजा उघडेपर्यंत किती वेळ जाईल. हे तीन आकडे एकमेकांत मिसळले की माणूस परतीची तारीख चुकवतो, नाहीतर दुसरं विमान. तुमचा कागद तुम्हालाही भरता यावा, म्हणून ही सगळी रीत लिहिते आहे.

सुरुवात शहरापासून नको, विमानतळापासून करा. "लंडन ते टोकियो" असं आपण सहज म्हणतो, पण टोकियोला दोन मोठे विमानतळ आहेत. हानेदा शहराच्या अंगाशी आहे, तर नारिता मध्यवर्ती टोकियोपासून सुमारे ६० किलोमीटर लांब. हवेतल्या वेळात फारसा फरक पडत नाही, पण तिसऱ्या ओळीत तासाभराचा सहज पडतो. विमानतळाच्या कोडची तीन अक्षरं कायम ताडून पाहा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे, तसं एक कॅनडातही आहे आणि त्यालाही विमानतळ आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आणि कोस्टारिकातही. नाव तेच असतं, कोड मात्र वेगळा.

आता अंतर. इथे पहिला शत्रू म्हणजे भिंतीवरचा सपाट नकाशा. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये तो खलाशांसाठी काढला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्याला त्यावर सरळ रेघ ओढता यावी, हा त्याचा हेतू. त्या सोयीची किंमत म्हणून ध्रुवांकडचा भाग भलताच ताणला गेला. त्या नकाशावर लंडन ते टोकियो पट्टीने रेघ ओढली, तर ती मध्य आशियातून जाते आणि प्रत्यक्षात ११,३०० किलोमीटरच्या वर भरते. सर्वांत जवळची वाट त्याहून सुमारे पावणेदोन हजार किलोमीटरनी कमी आहे. ती आधी उत्तरेकडे चढते, नॉर्वेवरून, रशियाच्या उत्तर किनाऱ्याच्या बाजूने जाते आणि मग सायबेरियावरून खाली उतरते. तिचं सगळ्यात उत्तरेचं टोक ७१ अक्षांशाच्या आसपास येतं. या वाटेला बृहद्‌वृत्त म्हणतात. गोलाच्या पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर तिच्यावरूनच मोजायचं.

हे पटत नसेल तर पृथ्वीगोल आणि दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक एका शहरावर धरा, दुसरं दुसऱ्यावर, आणि दोरा ताणा. ताणला की तो आपोआप जवळची वाट धरतो, तुम्ही काही करायचं नाही. मग तेवढा दोरा पट्टीवर मोजा. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर होतो, आणि पृथ्वीचा परीघ साधारण ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे एका सेंटिमीटरला ४२५ किलोमीटर. लंडन–टोकियो दोरा साडेबावीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे ९,६०० किलोमीटरच्या जवळपास. माझ्या टेबलावर असा गोल कायम असायचा. संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्यापेक्षा त्यावर ताणलेल्या दोऱ्याने लोकांचं समाधान लवकर व्हायचं.

ज्यांना कॅल्क्युलेटर आवडतो त्यांच्यासाठी आकडेमोडही सांगते. शाळेतली त्रिकोणमिती पुरते. लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर अक्षांश आणि ०.४५ पश्चिम रेखांशावर आहे, हानेदा ३५.५५ उत्तर आणि १३९.७८ पूर्वेवर. एक शहर पश्चिमेला आणि दुसरं पूर्वेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १४०.२३. दोन्ही शहरं एकाच बाजूला असतील तर वजाबाकी. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करायची. मग दोन्ही अक्षांशांच्या साइन घेऊन गुणा: ०.७८२ गुणिले ०.५८१ म्हणजे ०.४५५. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाची कोसाइन, असं तिघांना गुणा: ०.६२३ गुणिले ०.८१४ गुणिले उणे ०.७६९ म्हणजे उणे ०.३९०. दोन्हींची बेरीज ०.०६५. ही ज्या कोनाची कोसाइन आहे तो कोन काढा: ८६.३ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून एकूण सुमारे ९,६०० किलोमीटर. दक्षिण गोलार्धातल्या शहराचा अक्षांश उणे धरायला मात्र विसरू नका, नाहीतर सिडनी जपानच्या शेजारी जाऊन बसेल.

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, त्यामुळे या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. प्रवाशाने त्याकडे दुर्लक्ष करावं. वैमानिकाने किती मैल सांगितले यावरून लोक माझ्याशी वाद घालायचे, तेव्हा एवढंच लक्षात ठेवा की विमानातला मैल हा सागरी मैल असतो, १.८५२ किलोमीटरचा.

किलोमीटर हाती आले की तास काढायचे. माझा ठोकताळा असा: किलोमीटरला ८५० ने भागा आणि उत्तरात चाळीस मिनिटं मिळवा. मोठी जेट विमानं वर गेल्यावर ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने उडतात. त्या उंचीवरच्या थंड हवेत हा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास येतो. मग भागाकार ८५० ने का? कारण विमान तंतोतंत दोऱ्याच्या रेषेवर उडत नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, वादळं टाळायची असतात, उतरण्याआधी घिरट्या असतात. आणि वरची चाळीस मिनिटं गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगण्याची, चढण्याची आणि उतरण्याची.

हा ठोकताळा ताडून बघू. सिंगापूर–न्यूयॉर्क सुमारे १५,३०० किलोमीटर. उत्तर येतं पावणेएकोणीस तासांच्या आत-बाहेर, आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या थेट विमानाला जवळपास तेवढेच लागतात. पर्थ–लंडन १४,५००. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने २०१८ मध्ये हे थेट उड्डाण सुरू केलं. उत्तर पावणेअठरा तास, प्रत्यक्षातही साडेसतराच्या आसपास. लंडन–जोहान्सबर्ग ९,१०० च्या किंचित आत. उत्तर सव्वाअकरा तास, प्रत्यक्षात अकराच्या आसपास. कच्च्या हिशेबासाठी एवढं पुरेसं आहे.

आता लंडन–न्यूयॉर्क घ्या. अंतर ५,५४० किलोमीटर, ठोकताळा सांगतो सव्वासात तासांच्या आत. पण वेळापत्रकात न्यूयॉर्कहून लंडनला येताना सुमारे सात तास असतात आणि लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आठ. अंतर तेच, विमान तेच. फरक वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, आणि नेमक्या त्याच उंचीवर आपलं विमान असतं. पूर्वेला जाताना वारा पाठीत रेटतो, पश्चिमेला जाताना तोंडावर येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. विमान ध्वनीहून वेगाने उडत नव्हतं. आजूबाजूची हवाच त्याच्यासह पळत होती.

म्हणून उत्तर गोलार्धाच्या मधल्या पट्ट्यातून पूर्व-पश्चिम लांब प्रवास असेल, तर ठोकताळ्याच्या उत्तरातून पूर्वेला जाताना अर्धा तास वजा करा आणि पश्चिमेला जाताना अर्धा तास मिळवा. हिवाळ्यात हा फरक आणखी वाढेल. उत्तर-दक्षिण प्रवासात वाऱ्याचा विचार नाही केला तरी चालतो. वाऱ्यासाठी वैमानिक वाट वाकडीही करतात. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारं विमान बरेचदा प्रशांत महासागरावरून जातं आणि परतणारं बरेचदा अटलांटिक आणि युरोपवरून, म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा पूर्वेलाच. दोऱ्याची वाट ध्रुवाजवळून जाते. ती मोडून जास्त किलोमीटर उडणं कधीकधी कमी वेळाचं ठरतं.

वाऱ्यापेक्षा मोठा अडथळा राजकारणाचा. आपल्या लंडन–टोकियोचं उत्तर ठोकताळ्याने बारा तास आलं, आणि फेब्रुवारी २०२२ च्या आधी खरोखर तेवढेच लागायचे. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि जपानी कंपन्यांनीही ते टाळायला सुरुवात केली. आता काही विमानं कॉकेशस, कझाकस्तान, चीन अशा दक्षिणेच्या वाटेने जातात, तर काही अलास्का आणि ध्रुवाकडून. वेळ चौदा तासांवर गेला. गंमत बघा, सपाट नकाशावरच्या ज्या रेघेला मी वर शत्रू म्हटलं, तिचं ११,३०० किलोमीटरचं अंतर ठोकताळ्यात घातलं तरी उत्तर चौदाच येतं. फिनलंडच्या हेलसिंकीला याचा फटका जास्त बसला. तिथून टोकियो साडेनऊ तासांवर होतं, ते तेरा तासांच्या आसपास गेलं. जुन्या लोकांना हे नवीन नाही. शीतयुद्धाच्या काळातही युरोपहून टोकियोला जाणारी विमानं अलास्कातल्या अँकरेजला उतरून इंधन घेत असत.

त्यामुळे दोरा आणि भागाकार झाला की तिसरी एक पडताळणी करा: त्या मार्गावरचं विमान प्रत्यक्षात कुठून गेलं ते बघा. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळांवर विमानाचा क्रमांक टाकला की गेल्या काही दिवसांच्या खऱ्या वेळा आणि वाटा दिसतात. मी एका दिवसाची वेळ कधी धरत नाही. दिसतात तितके दिवस बघते आणि त्यातला सगळ्यात वाईट दिवस लक्षात ठेवते.

तिकिटावर छापलेली वेळ यापेक्षा थोडी जास्त का असते, तेही इथेच सांगते. ती गेट ते गेट असते, आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. धावपट्टीकडची रांग तिच्यात धरलेली असते, शिवाय कंपनीने थोडा वेळ हातचा राखलेला असतो, म्हणजे उशिरा निघूनही वेळेवर पोचल्याची नोंद होते. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकात एकाच विमानाचा ब्लॉक टाइम वेगळा दिसला तर दचकू नका.

आता घड्याळ. सगळ्यात जास्त माणसं इथेच अडतात, कारण ती पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ थेट वजा करतात. दोन्ही वेळा स्थानिक असतात, त्यामुळे अशी वजाबाकी करण्यात काही अर्थ नाही. मधे यूटीसीला, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेला, घ्या. सुटण्याची वेळ यूटीसीत आणा, प्रवासाचे तास मिळवा, मग पोचण्याच्या शहराच्या वेळेत न्या.

सिडनी ते लॉस एंजेलिस करून दाखवते. समजा १५ जानेवारीला संध्याकाळी ५ वाजता विमान सुटतं. जानेवारीत सिडनी यूटीसीच्या ११ तास पुढे, म्हणजे यूटीसीत सकाळचे ६, तारीख १५. साडेतेरा तासांचा प्रवास, म्हणून संध्याकाळचे ७:३०. लॉस एंजेलिस तेव्हा यूटीसीच्या ८ तास मागे, म्हणजे सकाळचे ११:३०, तारीख १५ च. विमान सुटण्याच्या साडेपाच तास आधी तुम्ही पोचलात! परतीला याची वसुली होते. त्याच १५ तारखेच्या रात्री १०:३० ला निघालात, तर यूटीसीत १६ ची सकाळ ६:३०, पंधरा तासांनी रात्रीचे ९:३०, आणि सिडनीत १७ तारखेची सकाळ ८:३०. सोळा तारीख जवळजवळ सगळी वाररेषेने खाल्ली. त्या दिवशी कुणाचं लग्न किंवा कुणाची मुलाखत असेल तर ती आधीच दुसरीकडे सरकवा.

याच जोडीत आणखी एक खोच आहे. जानेवारीत दोन्ही शहरांत १९ तासांचं अंतर असतं, जुलैमध्ये १७. कारण एकाचा उन्हाळा तो दुसऱ्याचा हिवाळा, आणि दोघंही उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते, सिडनी एप्रिलच्या पहिल्या रविवारी, म्हणून मधल्या आठवड्यांत फरक १८. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा तसंच. युरोपातले बहुतेक देश मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. जपान बदलतच नाही. ऑस्ट्रेलियातही ब्रिस्बेन बदलत नाही, सिडनी बदलतं. तेव्हा "तिथे किती तासांचा फरक आहे" हे पाठ करू नका, प्रवासाच्या तारखेचा फरक बघा. भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आणि नेपाळची पावणेसहा, हे अर्धे-पाव तासही हिशेबात येऊ द्या.

तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात "+१" असेल तर दुसऱ्या दिवशी, "+२" असेल तर तिसऱ्या. हॉटेलचं आरक्षण करण्याआधी त्यावर बोट ठेवून बघा.

थेट विमान नसेल तर वाटेतलं शहर निवडताना पुन्हा दोरा घ्या. लंडन–सिडनी सरळ १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे १०,९०० आणि ६,३००, म्हणजे जेमतेम दोनशे किलोमीटरचा वळसा. दुबईमार्गे सुमारे १७,५००. लॉस एंजेलिसमार्गे मात्र २०,८०० च्या वर, म्हणजे चार-साडेचार तास नुसते जास्तीच्या अंतराचे. स्वस्त तिकीट बहुतेकदा अशाच एखाद्या वळशाच्या वाटेचं असतं. स्वस्त असलं तर घ्यावं, मी नाही म्हणत नाही, पण वळसा किती तासांचा आहे ते माहीत असू द्या. आणि दर उतरण्यामागे ठोकताळ्यातली चाळीस मिनिटं पुन्हा मोजायची, त्यात थांब्याचे तास वेगळे.

थांबा किती असावा? दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील, तर किमान वेळ तिकीट देणारी व्यवस्थाच पाळते, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय त्यांची. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान घेणं, इमिग्रेशन, पुन्हा चेक-इन, सगळं तुमच्या गळ्यात. तिथे मी चार तासांच्या खाली कुणाला जाऊ दिलं नाही. अमेरिकेत तर एका तिकिटावर असलात तरी पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करावं लागतं आणि सामानही बहुतेक वेळा उचलून पुन्हा द्यावं लागतं, म्हणून तिथे दीड तासाचा थांबा कागदावरच बरा दिसतो. आणि "डायरेक्ट" लिहिलं की विमान कुठेच उतरणार नाही असं समजू नका. वाटेत उतरून त्याच क्रमांकाने पुढे जाणाऱ्या विमानालाही डायरेक्ट म्हणतात. कुठेच न थांबणारं हवं असेल तर "नॉनस्टॉप" शब्द शोधा.

तिसऱ्या ओळीची बेरीज सोपी आहे, पण लोक ती करत नाहीत. विमानतळापर्यंतचा रस्ता, आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचणं, ब्लॉक टाइम, थांबे, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाचा पट्टा यांचा दीड तास, शहरात शिरण्याचा वेळ. नारिताचे ६० किलोमीटर इथे मोजले जातात. चौदा तासांचं लंडन–टोकियो या ओळीत वीस-एकवीस तासांचं होतं.

हे झाल्यावर घ्यायला येणाऱ्या माणसाला निरोप पाठवा. त्यात तुमच्या शहराची वेळ लिहू नका. पोचण्याच्या शहराची तारीख, वार, वेळ, विमानाचा क्रमांक आणि टर्मिनल लिहा. वार जरूर लिहा, कारण तारीख चुकली तर ती वारावरून लगेच पकडता येते. आणि छापील वेळेच्या तासाभराने या म्हणून सांगा.